बाटलीत धुतलेली नळी

तबस्सुमला राग यायला वेळ लागत नाही, हे आरमोरीच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. बाप गाद्या भरणारा, ती प्रयोगशाळेत मदतनीस. पण मोहरीएवढी जेली काचेच्या बारीक नळीत बसवावी ती तिनेच; प्राध्यापकांनी हात टेकले होते. पाणी आंबट असलं की ही जेली आकसते आणि नळीतली निळी रेघ खाली उतरते. चांगल्या पाण्यात जेली पुन्हा फुगते आणि रेघ वर चढते. पीएच मोजायला एवढं पुरतं.

दर उन्हाळ्यात तिच्या बापाला सावरीचा कापूस आणून देणारी सोनीबाई पोंभुर्ण्याकडची. तिच्या गावच्या नाल्यात मासे मेले. वरच्या अंगाला कारखाना असूनही तपासणीचे साहेब म्हणाले, गावानेच मासे गुंगवायची झाडाची साल टाकली. तसं ठरलं असतं तर गावाचा मासेमारीचा हक्क गेला असता. सोनीबाई तबस्सुमकडे येऊन संतापली. साल टाकायची ती वर्षातून एकदा, आटलेल्या डोहात, साऱ्या गावाने मिळून. वाहत्या पाण्यात कोण टाकतो? तबस्सुमने साल भिजवून त्या पाण्यात नळी बुडवली. रेघ हलली नाही. मग कारखान्याचं सांडपाणी नाल्यात पडतं त्या मोरीखाली पाच नळ्या बांधल्या. पाचही रेघा तळाला गेल्या.

पंचनाम्याच्या दिवशी साहेबांच्या माणसाने त्यातली एक नळी काढली. चिखल लागला होता म्हणून शहाण्याने ती विकतच्या पाण्याच्या बाटलीत धुतली आणि चहा होईपर्यंत तिथेच ठेवली. साहेबांनी पाहिलं तेव्हा रेघ वर. पाणी ठीक, असं लिहूनही टाकलं.

तबस्सुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं शिकून ही अक्कल!

"साहेब, तुमी नाला नाई मोजला. बाटली मोजली."

मदतनिसाने आपल्याला शिकवू नये, असं साहेब म्हणाले आणि उठू लागले. सोनीबाईने त्यांचाच चहाचा ग्लास विसळला, मोरीखालचं पाणी भरून आणलं, तीच नळी त्यात सोडली आणि समोर मांडी घातली.

"रेघ उतरेपर्यंत इथीच बसा."

सारं गाव भोवती बसलं. साहेबही बसले. रेघ सावकाश उतरली, तळाला टेकली.

साहेबांनी पेन केव्हाच खिशात घातलं होतं. तबस्सुमने आपलं पुढे केलं, आणि त्यांनी ते घेईपर्यंत हात मागे घेतला नाही.