खंडेनवमीला पुजलेला रबरी सत्तूर

भुताच्या सिनेमात भूत आलं की मी घाबरत नाही, त्याच्या पाठीवरची चेन शोधतो. सापडली की मला परमानंद होतो. केतकी, म्हणजे माझी बायको, म्हणते, "उद्या खरंच भूत समोर आलं तर तू त्याला शिंप्याचं नाव विचारशील." तर असा मी. अमानवीय वगैरेवर काडीचा विश्वास नव्हता... आता आहे का, ते धड सांगता येत नाही. म्हणून इथे लिहितोय. हसायचं तिथे हसून घ्या, मीही त्या दिवशी नको तिथेच हसलो होतो.

आम्ही लिक्सलिपला राहतो. डब्लिनच्या पश्चिमेला, एकसारख्या घरांच्या रांगेतलं शेवटून दुसरं घर. मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, केतकी एका सरकारी हॉस्पिटलात इमर्जन्सीला डॉक्टर. आणि माझं व्यसन म्हणजे हॉरर कॉमेडीच्या डिस्क. स्ट्रीमिंगवर नाही हं — डिस्क. जाड पुठ्ठ्याची पेटी, आत पोस्टर, सिनेमा केलेल्या लोकांच्या गप्पांचा वेगळा ट्रॅक. आमच्या जमातीत एक रीत आहे, प्रत्येक पेटी दोन घ्यायच्या. एक बघायची, एक सील न फोडता ठेवायची. केतकी याला "तुझा लग्नातला शालू" म्हणते. शालूसुद्धा आयुष्यात एकदा नेसतात म्हणा, माझी दुसरी पेटी तेवढंही सुख बघत नाही.

लोक विचारतात, या भिकार सिनेमांत काय ठेवलंय? अहो, भिकारपणाच ठेवलाय. डोकं उडतं आणि मानेतून रक्ताऐवजी टोमॅटो सूप येतं, त्यातला मटार स्पष्ट दिसतो. मरणारा माणूस मरता मरता हसू दाबत असतो. कोणीतरी स्वतःच्या किचनमध्ये हाताने बनवलेली ती कत्तल असते. मृत्यू एवढा खोटा दिसतो ना, की दोन तास तो कुणालाच येणार नाही असं वाटतं.

हे व्यसन मला लावलं डेक्लनने. डेक्लन आमच्याच कारखान्यात टेक्निशियन. उंच, लाल भुवया, आणि घड्याळजीला लाजवतील असे हात. मुंगीला मोजे घालेल असा माणूस. दर रविवारी दुपारी तो चिप्सची पाकिटं घेऊन आमच्याकडे यायचा आणि आम्ही पडदे ओढून माणसं मरताना बघायचो.

आमचा सगळ्यात लाडका सिनेमा होता 'शुक्रवारचा खाटीक'. इथे आयर्लंडमध्येच, पश्चिमेकडच्या कुठल्याशा गावात कोणी हौशी लोकांनी केलेला. पूर्वी इथली कॅथलिक माणसं शुक्रवारी मटण न खाता मासे खात. तर गावातला खाटीक त्या शुक्रवारांपायी बुडतो, मरतो, आणि मग दर शुक्रवारी थडग्यातून उठून मासे खाणाऱ्यांना सत्तूर घेऊन कापत सुटतो. आपल्याकडे चतुर्थीवर असा सिनेमा काढला तर निम्मं पुणं साफ होईल. त्यात एक जगप्रसिद्ध — म्हणजे जगातल्या आमच्यासारख्या मोजक्या वेड्यांत प्रसिद्ध — चूक आहे. खाटीक पाद्र्याच्या मानेवर सत्तूर घालतो आणि सत्तूर रबराचा असल्यामुळे ओल्या पापडासारखा वाकतो. पाद्री तरीही मरतो. बिचारा सभ्य माणूस.

या सिनेमाची नवी पेटी निघाली, तिच्यात तसाच रबरी सत्तूर भेट होता. मग आमचा एक विधी ठरला. तो प्रसंग आला की एकाने मागून जाऊन दुसऱ्याच्या मानेवर सत्तूर घालायचा. एका खेपेला मी, एका खेपेला डेक्लन. चाळिशीचे दोन पुरुष. माहीत आहे मला, बोलू नका.

त्या वर्षी नवरात्रात माझे सासरे आले होते. आबा. कऱ्हाडच्या शाळेतून रिटायर झालेले पीटीचे सर. अजूनही त्यांच्यासमोर जाताना मी नकळत छाती पुढे काढतो. खंडेनवमीला त्यांनी सकाळीच शिट्टी वाजवल्यासारखं फर्मान काढलं, "जावईबापू, हत्यारं काढा घरातली. पूजा करायचीय."

आम्ही पाटावर लाल कापड घातलं. केतकीचा स्टेथोस्कोप, किचनमधल्या सुऱ्या, माझे स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली. झेंडू कुठला मिळतोय, सुपरमार्केटमधली शेवंती आणली. आणि मला काय अवदसा आठवली, मी रबरी सत्तूर आणून मधोमध ठेवला.

"ह्ये काय?" आबा म्हणाले. "खेळणं?"

"नाही आबा. आमच्या धंद्याचं हत्यार आहे."

केतकीने कपाळाला हात लावला. आबांनी सत्तूर बोटाने दाबून बघितला, तो लवलवला. त्यांनी माझ्याकडे, शाळेत बुटाची नाडी सुटलेल्या मुलाकडे बघत असतील तसं बघितलं. मग गुपचूप त्यावर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. "पाटावर ठिवलं म्हंजे हत्यारच. आता कोहळा आणा."

"कोहळा?"

"आवो, पुजलेल्या हत्याराला बळी लागतो. आपण काय बकरं कापत न्हाई, कोहळा फोडतो. भोपळाबी चालतोय. त्यो बघा की, दारात हाय."

दारात भोपळा होता खरा. हॅलोविनचा. महिनाभर आधीपासूनच दुकानांत ढीग लागतात, त्यातला गोल गरगरीत निवडून मी आणला होता आणि मोठ्या कौतुकाने त्यावर पेनाने चेहरा आखून ठेवला होता.

"आबा, तो नको. त्याचा चेहरा कोरायचाय. दुसरा आणतो संध्याकाळी."

"आणा बरं का. ऱ्हाऊ देऊ नका."

"हो, हो."

आणला नाही. विसरलो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पाट उचलताना लाल कापडाला मधोमध एक सरळ चीर दिसली, ब्लेडने मारल्यासारखी. सत्तूर होता त्याच्या बरोब्बर खाली. मी केतकीला म्हटलं, "कात्रीने कापलंस का गं?" ती म्हणाली, "मला कामं आहेत मंगेश." विषय संपला. सत्तूर मी टीव्हीखालच्या प्रेसमध्ये ठेवला — इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो.

त्या रविवारी दुपारी डेक्लन आला. आबा खिडकीशी चहा घेऊन बसले होते, केतकी ड्यूटी करून येऊन वर झोपली होती. सिनेमा लावला. पाद्री प्रार्थनेला गुडघ्यावर बसला. पाळी माझी होती. मी पाय न वाजवता सोफ्यामागे गेलो, सत्तूर वर नेला. आबा तोंडातला घोट गिळून म्हणाले, "जावईबापू, भोपळा आणला का?"

त्यांचा आवाज ऐकून डेक्लनने मागे वळून बघितलं आणि नुसता गमतीने हात आडवा धरला. माझा हात तोवर खाली आला होता.

रबर लागलं तर थप्प असा आवाज येतो. त्या दिवशी आवाजच आला नाही. हाताला काही लागलंसुद्धा नाही. सत्तूर लोण्यातून जावा तसा गेला आणि डेक्लनच्या पंजाला अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत तोंड फुटलं. क्षणभर ते पांढरं होतं, आत दोरीसारखं काहीतरी दिसलं. मग भळकन रक्त आलं. माझ्या शर्टावर, सोफ्यावर, चिप्सच्या वाडग्यात.

आणि आम्ही हसलो. खरं सांगतो. डेक्लन स्वतःच्या हाताकडे बघून म्हणाला, "अरे, जबरदस्त. रक्त कुठून मिळवलंस?" मला वाटलं रक्त त्यानेच आणलंय. मी म्हटलं, "तू सांग." आम्ही दोघं खो खो हसतोय, टीव्हीवर पाद्री मरतोय, आणि डेक्लनच्या बाहीतून रक्त कोपरावरून गालिच्यावर टपटपतंय. कधी वाटलं नव्हतं रक्ताला वास असतो म्हणून. गरम लोखंडासारखा. तो वास आला तेव्हा माझं हसू थांबलं. डेक्लन अजून हसत होता. मग त्याने अंगठा हलवायचा प्रयत्न केला आणि तो हलला नाही. त्याचा चेहरा असा पिठासारखा झाला.

आबांचा कप फुटला. केतकी धावत खाली आली, तिने टॉवेल त्याच्या हाताला आवळला. "बघत काय उभा आहेस, हात वर धर त्याचा. वर. आबा, गाडीची किल्ली." मग माझ्याकडे न बघता, "कुठल्या सुरीने केलंस हे?"

मी सत्तूर पुढे केला. तिने तो धरला. तो वाकला. पापडासारखा. पात्यावरून रक्त ओघळत होतं आणि ते तिच्या हातात लुळं पडलं होतं.

"मंगेश," ती हळू आवाजात म्हणाली, "थट्टा पुरे."

सगळ्या सुऱ्या ड्रॉवरमध्ये कोरड्या होत्या. तिने स्वतः बघितल्या, नंतर. पण एखादी मी धुऊन ठेवली असेल असं तिच्या मनात आलंच असणार. नवऱ्याने मित्राचा हात रबराने कापला यावर कुठली डॉक्टर विश्वास ठेवेल? हॉस्पिटलात डेक्लनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पेटी उघडताना कटर लागला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. टेंडन तुटला होता, ऑपरेशन झालं. अंगठा हलू लागला, पण अर्धाच वाकतो. बारीक स्क्रूचं काम त्याच्याकडून गेलं, दुसऱ्या विभागात कागद सांभाळायला बसवलं.

त्याने मला एक शब्दही दोष दिला नाही. कँटीनमध्ये भेटला की "सगळं ग्रँड", म्हणजे इथल्या बोलीत सगळं ठीक, म्हणायचा आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचा. रविवारी येणं बंद. मला कळत होतं त्याला काय वाटतंय. आधीच्या खेपेला तोच सत्तूर त्याने माझ्या मानेवर घातला होता, तो रबर होता हे त्याला माहीत. मग मी थट्टेत खरा सत्तूर आणला. वेड्याने प्रसंग आणखी रंगवायला खरा आणला. दुसरं काय असणार? मी त्याच्या जागी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. मी बंद पेटीसुद्धा फोडली, तुलनेला. दोन्ही सत्तूर रबराचे, अगदी जुळे भाऊ. ज्यांना हा छंद आहे त्यांनाच कळेल मी काय फोडलं ते.

आबा कऱ्हाडला परतले होते, त्यांना फोनवर विचारलं, भोपळा फोडला नाही म्हणून झालं का हे, तर म्हणाले, "मला काय म्हाईत? आमच्याकडं फोडत्यात येवढंच म्हाईत. पर एकदा पुजलं की दर साली पुजायचं. सोडायचं नसतं."

पुढच्या खंडेनवमीला मी भोपळा आधी आणला. आणि डेक्लनला मेसेज केला — दहा मिनिटं ये, सिनेमा नाही लावणार. तो येईल असं वाटलं नव्हतं. आला. पण सोफ्यावर बसला नाही. दारातच उभा राहिला, खराब हात खिशात घालून.

पूजा झाली. भोपळा पाटासमोर किचनमधल्या लाकडी फळीवर ठेवला. सत्तूर उचलला तेव्हा तो लवलवत होता, केतकीने बघितलं, डेक्लनने बघितलं. मी त्याचं पातं नुसतं भोपळ्यावर टेकवलं. शप्पथ, जोर लावला नाही. उलट मी हात मागेच घेत होतो.

पातं आत गेलं. देठापासून बुडापर्यंत. दोन फाका दोन बाजूंना पडल्या, बिया पाटावर घरंगळल्या, आणि सत्तूर खालच्या फळीत रुतून उभा राहिला.

केतकी खुर्चीवर बसली. डेक्लन पुढे आला, वाकला, फाकेच्या गुळगुळीत कापावरून त्याने तो अर्धा वाकणारा अंगठा फिरवला. मग सत्तूर उपटायला गेला तर तो त्याच्या हातात लोंबला.

"म्हणजे," तो म्हणाला, "तू नव्हतास."

"नव्हतो रे."

"वर्षभर मी झोपताना तुझा चेहरा बघतोय. हसणारा." त्याने डोळे पुसले, मग इतका वेळ हसला की मला केतकीकडे बघावं लागलं. "ग्रँड. चहा टाकतोस का?"

तो पुन्हा रविवारी येतो. 'शुक्रवारचा खाटीक' बघतो आम्ही, पण त्या प्रसंगाला दोघंही भिंतीला पाठ लावून बसतो. पडद्यावर सत्तूर अजूनही वाकतो. पूर्वी मी तो वाकतो म्हणून हसायचो, आता वाकला की सुटकेचा श्वास टाकतो.

हे काय होतं, मला माहीत नाही. केतकीला माहीत नाही, आबांना नाही. कोणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, फक्त "मनाचे खेळ" असं लिहू नका — डेक्लनचा अंगठा माझ्या मनात नाहीये, त्याच्या हाताला आहे.

यंदाही दुकानांत भोपळे आलेत. मी नेहमीप्रमाणे दोन घेतले. एक कापायचा, एक ठेवायचा.