बगळ्याच्या कपाळावरची पट्टी

वेल्डिंगला बसलेल्या माणसाने मानेला हिसडा देऊन डोक्यावरचा मुखवटा तोंडावर पाडला, की त्या कारखान्यात त्याला ‘मान टाकणं’ म्हणत. आमचा बगळा दिवसातून दोनशेदा मान टाकायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी यायचा. मान लांब, म्हणून बगळा. डोळा मात्र एकच. डावा बारा वर्षांपूर्वी लोखंडाच्या किसाने नेला. उरलेल्या उजव्यावर घर, पोट आणि बायकोची झोप टांगलेली.

म्हणून तर तिने मुकादमाच्या मागे लागून आपोआप काळा होणारा मुखवटा मिळवला. मुकादमाने तो तान्ह्या पोरासारखा हातात धरून समजावला. “हा आकडा करंट बघून ठेवायचा, आपल्या कामाला अकरा. ही खिट्टी घासकामाची, तिकडे राहिली तर काच काळी होत नाही. काचेच्या वरचे चार ठिपके म्हणजे याचे डोळे. ते पुसायचे, झाकायचे नाहीत. रोज सकाळी दिव्यासमोर धरून बघायचं. आणि काच लुकलुकली, की काम बंद.”

“माझ्यापेक्षा तीन डोळे जास्त!” बगळा म्हणाला. “बायकोने लग्नाआधी यालाच बघायला हवं होतं.”

आता हिसड्याची गरज उरली नव्हती. मुखवटा आधीच पाडून ठेवायचा, ठिणगी उडाली की काच काळी. तरी बगळा दर टाक्याला मान टाकायचाच. वीस वर्षांची सवय, ती काय ऐकते! शेजारच्या टेबलावर घासकाम करणारा त्याचा मेहुणा हसून लोळायचा. एका दुपारी त्याने कागदी चिकटपट्टीवर लिहिलं, ‘इथे रोज मान टाकली जाते’, आणि मुखवट्याच्या कपाळावर चिकटवली. वाचून सगळ्यात जास्त हसला तो बगळाच. “राहू दे रे,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काच मधेच उजळू लागली.

“अरे, ही डोळे मिचकावते रे!”

“दाजी, काच नवी आहे. जुने तुम्ही आहात.”

सगळे हसले. बायकोने हट्टाने आणलेल्या वस्तूची तक्रार मुकादमाकडे न्यायची म्हणजे आणखी हसू. दिव्यासमोरची परीक्षा तर त्याला पोरखेळच वाटायची. बगळ्याने डोळा बारीक केला आणि चार दिवस काम रेटलं.

पाचव्या सकाळी चहा देणाऱ्या बायकोचे कान दिसले, अंबाडा दिसला, नाक दिसेना. डॉक्टर म्हणाले, “नजरेच्या मधला हा डाग आता जाणं कठीण आहे.”

संध्याकाळी मुकादम मुखवटा घेऊन घरी आला. मागे दारात मेहुणा. मुकादमाने पट्टीची खालची कड नखाने उचलली. खाली चारांपैकी दोन ठिपके.

“कोणी लावली ही?”

बायकोने पट्टी सोलून हातात घेतली आणि भावाकडे पाहिलं. मेहुण्याने तोंड उघडलं.

“मीच,” बगळा म्हणाला. “माझ्या मानेची गंमत, दुसरं कोण करणार?”

“अहो, पण अक्षर तर...”

“अक्षर तुला दिसतं. मला दिसत नाही. मी लावली म्हणतोय ना!”

बगळ्याने दाराकडे बघितलं. मेहुण्याचे खांदे तेवढे दिसत होते. वरचं डोकं खाली गेलं होतं की डागात गेलं होतं, ते त्याला कळलं नाही.