टाचणीमावशीची इस्त्री

नाटक मंडळीच्या कपडेपटात तिला खऱ्या नावाने कधी कुणी हाक मारली नाही. ओठांत चार-पाच टाचण्या धरून, त्यातली एकही न सांडता ती भल्याभल्या नटांना झाडायची, म्हणून ती टाचणीमावशी. सिंहासनावर बसायच्या आधी राजाला तिच्यापुढे हात वर करून उभं राहावं लागे.

"पोट आत घ्या महाराज. राज्याचं मग बघू."

तिची एक खोड होती. रोज सकाळी तापलेली इस्त्री ती आधी पांढऱ्या चिंधीवर फिरवायची आणि ती चिंधी तारीख घालून एका जाड वहीत लावायची. तारीखसुद्धा दोऱ्याने टाचलेली, कारण शाई धुण्यात जाते, दोरा टिकतो. खलनायकाने एकदा विचारलं, "मावशी, हे तुमचं आत्मचरित्र का?"

"हो. तुमच्या घामाचे डाग तेवढे गाळलेत."

तर अशा बाईने एका महिन्याच्या एक तारखेला वाफेची नवी इस्त्री घेतली. बाराव्या दिवशी राणीचा झगा इस्त्री करताना पाण्याच्या टाकीचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी तिच्या उजव्या हातावर आलं. जखम भरली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आखडलं ते कायमचं. टाचणी धरायची ती नेमकी हीच दोन बोटं.

महिन्याभराने इस्त्रीच्या कंपनीचा माणूस खोकं घेऊन कपडेपटात आला. गोड बोलला. याहून मोठी इस्त्री देतो म्हणाला, औषधपाण्याचंही बघतो म्हणाला. फक्त जुनी इस्त्री परत द्यायची आणि एका कागदावर सही करायची. मावशीने चष्मा लावून कागद वाचला. "अपघात वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला," असं त्यात लिहिलं होतं.

तिचा धाकटा भाऊ त्याच मंडळीत सुतार. तो तिच्या कानाशी लागला, "ताई, कर सही. हत्तीशी कुस्ती कशाला?"

"अरे, नाटकातल्या हत्तीची झूल मीच शिवते. आत दोन माणसं असतात आणि दोघंही घाबरलेली असतात." मग ती पाहुण्याकडे वळली. "तीस वर्षांत माझ्या हातून एक चुणी वाकडी गेली नाही. निष्काळजी मी नाही. आणि इस्त्री मिळायची नाही. हात माझा, पावती माझी, इस्त्रीही माझी."

दुसऱ्याच दिवशी ती ग्राहक मंचाच्या कचेरीत गेली. तिथल्या कारकुनाने सांगितलं, वकील नसला तरी चालतं, तक्रार स्वतः करता येते. इस्त्री आहे तशी ठेवा, दुरुस्तीला टाकू नका, डॉक्टरांचे कागद जपा. तिने डाव्या हाताने अर्ज लिहिला. अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण मजकूर ताठ.

सुनावणीला कंपनीच्या वकिलाने इस्त्रीच्या मुठीकडे बोट दाखवलं. मुठीवर जाड कापडाची गुंडाळी शिवलेली होती.

"हे कुणी केलं?"

"मी. मूठ घसरायची."

"या कापडाने वाफेचं भोक बुजलं, म्हणून झाकण उडालं. दोष बाईंचा आहे."

मागच्या बाकावर भावाने मान खाली घातली. गुंडाळी तिचीच, टाकेही तिचेच. मग तिने पिशवीतून वही काढली आणि मंचाच्या अध्यक्षबाईंसमोर उघडली.

"गुंडाळीची कड उलटून बघा, बाईसाहेब. मी तारीख घातल्याशिवाय दोरा तोडत नाही."

अध्यक्षबाईंनी कड उलटली. दहा तारीख.

"आता या चिंध्या बघा. एक तारखेपासून नऊपर्यंत. प्रत्येकीवर गळक्या पाण्याचा तांबूस डाग, आणि रोज आधीच्यापेक्षा मोठा. झाकण पहिल्या दिवसापासून गळत होतं. तेव्हा मूठ उघडी होती."

वकील हसला. "गळत होती, तर वापरलीत कशाला?"

"तिसऱ्या दिवशी दुकानात नेली होती. म्हणाले, नवी आहे, वापराने बसेल."

"लेखी आहे?"

"लेखी नाही. शिवलेलं आहे." तिने तिसरी चिंधी पुढे केली. तारखेखाली बारीक टाक्यांत ओळ होती: दुकान म्हणे चालेल.

अध्यक्षबाईंनी ती चिंधी बराच वेळ हातात धरली आणि इस्त्री तपासणीला पाठवायला सांगितली. इस्त्री कंपनीला परत दिली असती, तर तपासायला उरलं काय असतं? अहवाल आला. झाकणाचे आटे कारखान्यातच अर्धवट कापलेले होते. गुंडाळी वाफेच्या भोकापासून चार बोटं लांब होती.

निकालाच्या दिवशी अध्यक्षबाईंनी वाचून दाखवलं. दोष इस्त्रीत होता, तक्रारदाराचा निष्काळजीपणा नव्हता. कंपनीने उपचाराची आणि बुडालेल्या कामाची भरपाई द्यावी आणि या बनावटीच्या सगळ्या इस्त्र्या दुकानांतून परत घ्याव्यात.

"आणखी काही सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

"ते पहिलं वाक्य पुन्हा वाचाल का? जरा मोठ्याने. माझा भाऊ मागे बसलाय, आणि शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही तर आमच्यात तो प्रयोग धरत नाहीत."

अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात ते वाक्य पुन्हा वाचलं. टाचणीमावशी ताठ उभी राहून ऐकत होती, आखडलेला हात सगळ्यांना दिसेल असा पुढे धरून.