आमच्यात

राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळाला राख लावली तेव्हाच मी ठरवलं, यंदा नुसतं मटण सोडून भागायचं नाही. दरवर्षी उपवासकाळात चाळीस दिवस सोडते आणि ईस्टरला हादडते. एकादशी आणि दुप्पट खाशी, त्यातली गत. यंदा राग सोडायचा. माझा राग नाकावर असतो हे निम्म्या टिळकवाडीला ठाऊक आहे. नवरा हसून म्हणाला, "मग बोलणार काय तू?"

खरा राग एकाच माणसावर होता, थोरल्या बहिणीवर. चार वर्षांपूर्वी आक्कानं हिंदू मुलाशी लग्न केलं आणि चर्चला येणं सोडलं. मी लग्नाला गेले नाही. पिरनवाडी काही परदेशात नाही, रिक्षानं जाता येतं; तरी तिच्या घराची पायरी चढले नव्हते. चूक माझी होती, आणि ते कळायला लागल्यापासून झोप नीट लागत नव्हती. जाऊन तिची माफी मागायची, एवढंच यंदाचं प्रायश्चित्त.

तिसऱ्या शुक्रवारी फोन करून गेले. दारातच ती म्हणाली, "लई दिसांनी आलीस गं. हात धू, बस."

तिनं ताट पुढं ठेवलं. साबुदाण्याची खिचडी, वर खोबरं-कोथिंबीर, शेजारी दही. शुक्रवार म्हणजे माझा उपवास, हे तिनं लक्षात ठेवलं होतं. सासरी चतुर्थीला करतात तसं तिनं माझ्यासाठी केलं होतं. आणि मी काय बोलावं?

"हे काय? आमच्यात उपवासाला साबुदाणा नसतो."

'आपल्यात' म्हणायचं होतं. सख्खी बहीण माझी. एका बाकावर बसून, एकमेकींना चिमटे काढत आम्ही दर उपवासकाळात क्रूसाची वाट ही प्रार्थना म्हटलेली. पण चार वर्षांचा राग त्या एका शब्दात बसून होता, तो बाहेर पडला. मला माझीच शिसारी आली.

"व्हय की," आक्का ताटाकडं बघत म्हणाली. "तुमच्यात मटण तेवढं चालत न्हाय. इसरलेच मी."

मी घाईघाईनं खायला लागले. झकास झालीय म्हणाले, दोनदा म्हणाले. माफीचं वाक्य पाठ करून आले होते, ते काही केल्या तोंडातून निघेना.

आक्कानं खिचडीचं भांडं पुढं आणलं.

"घ्या की आणखी," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं मला अहोजाहो केलं.