लेकीच्या लग्नाला आलेले खासदार

नवरा खासदार होता तेव्हा कसं वाटायचं, असं बायका अजून विचारतात. मी म्हणते, नवरा होता कुठं? खासदार होते. त्या हसतात. मला कळत नाही, यात हसण्यासारखं मी काय सांगितलं.

लग्न होऊन मी नांदूरघाटला आले तेव्हा हे फौजेत होते. आमचं घर किराणा दुकानदारीचं. त्या घरात तराजू सोडून बंदूक धरणारे हे पहिलेच. सासरे गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोराला येड न्हाई लागलं, हौस हाय त्याला." मुलगी झाली तेव्हा हे सीमेवर होते. तिला पहिल्यांदा बघायला आले तर ती घाबरून माझ्या मागं लपली. तिचं बारसं, तिची शाळा, तिला विंचू चावला तेव्हाची धावपळ, सगळं मी आणि माझ्या धाकट्या दिरानं निभावलं. त्याची तक्रार नव्हती. रजा ठरलेली असायची आणि ठरलेल्या दिवशी हे दारात उभे राहायचेच. एकदा नांदूरघाटची गाडी चुकली तर केजवरून ट्रंक खांद्यावर घेऊन चालत आले होते.

सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि माजी सैनिकांच्या कोट्यातून केजच्या रस्त्याला पेट्रोल पंप मिळाला. आम्ही केजला राहायला आलो. माझा संसार म्हणाल तर तेवढाच झाला. सकाळी पंप उघडला की हे आधी मापात डिझेल ओतून मशीन तपासायचे, मग पहिल्या गाडीला हात लावायचे. दुपारी घरी जेवायचे. संध्याकाळी लेकीला जीप चालवायला शिकवायचे. बाजारपेठेतून ती जीप घेऊन निघाली की बायका तोंडाला पदर लावून बघायच्या आणि हे शेजारी बसून मिशीतल्या मिशीत हसायचे. बापलेकीची गट्टी इतकी जमली की मला दोघांचा हेवा वाटायचा.

मग जमाना खुला झाला. दिल्लीत काय खुलं झालं ते मला समजत नव्हतं, केजला काय झालं ते दिसत होतं. चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या. गावोगावच्या पोरांनी माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपगाड्या काढल्या. त्या गाड्यांना डिझेल लागायचं, आमचा पंप जोरात चालला, मागोमाग ट्रॅक्टरची एजन्सी आली. पैसा आला आणि पैशाच्या वासानं पुढारी आले. त्यांना स्वच्छ माणूस पाहिजे होता. फौजी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, शिवाय पदरच्या गाड्या असलेला. आमचे हे त्यांना आयतेच सापडले. उभे राहिले आणि निवडून आले. गुलालानं माखून घरी आले तेव्हा लेकीनं ओवाळलं. तेव्हा मीही खूश होते, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडं खासदाराचं काम दिल्लीत असतं असं कुणी मानत नाही. खासदारानं लग्नाला यायचं आणि मयतीला यायचं. मयत झाल्यावर दारात येऊन बसायचं, लग्नात माईकवरून आशीर्वाद द्यायचे. तो येईपर्यंत लग्नं थांबतात. मुहूर्त टळला तर टळू दे, पण साहेब आले पाहिजेत, म्हणजे भावकीत मान राहतो. नाही आला तर ते घर मतांसकट तुटतं, आणि एका घरामागं अर्धं गाव. लग्नसराईत ह्यांच्या पायाला भिंगरी लागायची. घरी यायचे ते कपडे बदलायला, चहासुद्धा बाहेर कार्यकर्त्यांतच व्हायचा. जेवताना अंगणात माणसं बसलेली, त्यामुळं घास चावताना नजर दाराकडं. फौजेत होते तेव्हा दूर होते, पण माझे होते. आता समोर बसून माझे नव्हते.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी ह्यांच्याकडं एकच गोष्ट मागितली. "तिच्या कुठल्याच गोष्टीला तुमी नव्हता. लग्नात मातर बाप म्हणून उभं राहायाचं. त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या मांडवात पाय टाकायचा न्हाई." ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "फौजी माणसाचा शबुद हाय."

लग्नाची तिथी दाट निघाली, त्याच दिवशी गावोगाव लग्नं. पंपाशेजारच्या मैदानात मांडव घातला होता, लातूरहून नवरदेवाचं वऱ्हाड आलं होतं, लेक हळदीच्या अंगानं बसली होती. सकाळीच दोन कार्यकर्ते दारात उभे. "साहेब, माजलगावला दोन लग्नं हायेत, वाटंवर आणखी एक. नुसतं तोंड दाखवू. मुहूर्ताच्या आत माघारी." मी पदर खोचून पुढं झाले. म्हटलं, "आज साहेब न्हाईत, आज मुलीचा बाप हाय घरात." कार्यकर्ते खाली बघायला लागले. हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरचं माणूस समजून घेतं गं, गाव समजून घेत न्हाई. आलोच मी." आणि गेले. माणूस वाईट नव्हता, हीच तर रड आहे. वाईट असता तर मी दोन शिव्या घालून मोकळी झाले असते.

मुहूर्त आला. हे आले नाहीत. एकेका मांडवात लोक ह्यांच्यासाठी खोळंबले होते, तिथून उठता येईना, असं मला मागून कळलं. आमच्या मांडवात मात्र कुणाला त्याचं काही वाटेना. लातूरचे व्याही तर उलट फुशारले, "खासदारांसाठी थांबायला आमची हरकत नाही." अंतरपाट धरलेला, लग्न लावणारे महाराज घाम पुसतायत, आणि रस्त्यावर गाडी वाजली की लेक मान वळवून बघतेय. ट्रक जायचा, एसटी जायची, तिची मान पुन्हा खाली. मला तिच्याकडं बघवेना. शेवटी तीच मोठ्यानं म्हणाली, "लावा लग्न. कावून थांबायचं? त्यांच्यासाठी थांबणारे लई हायेत."

अक्षता पडल्या. मग कन्यादान. कन्यादानाला जोडीनं बसावं लागतं. मी पाटाकडं निघाले तर माझ्या नणंदेनं हळूच दंडाला धरून मागं ओढलं. दीर आणि जाऊ पाटावर बसले. नवऱ्याची वाट बघता बघता माझी लेकही माझ्या हातून दिली गेली नाही. मी खांबाला धरून उभी राहिले. त्या वेळी ह्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आलं ते मी लिहिणार नाही.

पंगती उठत आल्या तेव्हा गाड्यांचा ताफा आला. ह्यांच्या डोक्याला दुसऱ्याच्या लग्नातला फेटा, खांद्यावर दुसऱ्याच्या मांडवातल्या पाकळ्या. लोक उठून उभे राहिले. तालुक्यातल्या सगळ्या लग्नांत माईक धरणारे एक गुरुजी होते, तेच आमच्याकडंही होते. ते ओरडले, "आदरणीय खासदारसाहेबांचं आगमन झालेलं आहे, साहेब वधूवरांना शुभाशीर्वाद देतील." आणि माईक ह्यांच्या हातात दिला.

हे बोलायला लागले. "वधूपित्यानं मोठ्या आग्रहानं बोलावलं, म्हणून सगळी कामं बाजूला ठेवून आलो."

मला वाटलं, आता थांबतील, जीभ चावतील. एक क्षण थांबलेही. लेकीकडं बघितलं. पण समोर माणसं बसली होती. हे पुढं बोलत राहिले, "या कुटुंबाच्या सुखदुःखात मी कायम पाठीशी उभा राहीन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मांडवात एवढी शहाणी माणसं होती, एकही हसलं नाही. दिरानं मान खाली घातली. लेक ह्यांच्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पाठवणीला हे रडले. मनापासून रडले, ते मला कळतं. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा अलीकडं या," तर रडत रडत अलीकडं सरकले. लेक काकाच्या गळ्यात पडली, माझ्या गळ्यात पडली. ह्यांच्यासमोर येऊन तिनं वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली.

दिल्लीतलं सरकार पडलं, पुन्हा निवडणूक लागली आणि हे पडले. ज्या घरांसाठी लेकीचा मुहूर्त सोडला होता त्यांनीही दुसऱ्यालाच मत दिलं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. अंगणातल्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. हे सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बसायचे आणि दुपारी काढून ठेवायचे. एक दिवस म्हणाले, "आता मी मोकळाच हाय. लेकीकडं जाऊन येऊ. चार दिस राहू." मला इतका आनंद झाला की मी रात्रीतून लाडू वळले. वाटलं, उशिरा का होईना, बाप मिळाला पोरीला.

लातूरला पोहोचलो. लेकीनं स्वागत चांगलं केलं. ह्यांना पुढच्या खोलीत सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, तांब्याभर पाणी आणलं. हे तिच्याकडं टक लावून बघत होते. ती चहा ठेवायला आत गेली. मग दाराशी येऊन, ह्यांच्यादेखत, तिनं मला विचारलं, "आई, ह्यांना चहात साखर चालती का गं?"

मी तोंड उघडलं. पण ते मलाही ठाऊक नव्हतं.