न दिलेल्या कॅसेटी

“तीन भाग कळ काढा, चौथ्या भागात ती मालिकाच तुम्हाला धरून ठेवते,” हे व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणाऱ्या कॅसेटवाल्याचं ठरलेलं वाक्य. दुकानात कुणी नुसता पत्ता विचारायला आला तरी हे ऐकल्याशिवाय त्याला पायरी उतरता येत नसे. मालिका म्हणजे अंतराळातल्या, जुन्या, हाताने काढलेल्या चित्रांच्या. लोक हसत, “अहो, ही पोरांची चित्रं!” तो म्हणे, “पोरांना लगेच समजतात. तुम्हाला वेळ लागेल, म्हणून तर तीन भाग म्हणतो.”

त्याची बायको दुकानातच एका कडेला बसून शर्टांना काजं करी. बत्तीस वर्षं ऐकून तिचे कान किटले होते. पण एक मालिका तिच्याही मनात घर करून होती. टपाल घेऊन ग्रहाग्रहांवर फिरणाऱ्या यानाची. पत्र पोचेपर्यंत घेणारा म्हातारा झालेला असे आणि टपालवाली तशीच तरुण. ती टीव्हीवर लागली तेव्हा दोघांनी मिळून पाहिली, त्याने ती कॅसेटवर उतरवून घेतली, आणि मग ती कॅसेट पिशवीत बंद केली ती केलीच.

“परत लावा की एकदा,” ती म्हणे.

“फीत झिजते.”

अशा साठ कॅसेटी त्याने कुणाला कधी दिल्या नाहीत. एकेक कॅसेट दोन-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, मेणबत्तीवर पिशवीचं तोंड चिकटवून, आतल्या कपाटात ठेवलेली. ती बघून बायको म्हणायची, “मलाही घाला एखादीत. धूळ बसते माझ्यावर.”

आता महिनाअखेर दुकान रिकामं करायचं होतं. कॅसेट लावायचं यंत्रच कुणाच्या घरी उरलं नव्हतं. आशा एकच. मोठ्या ग्रंथालयाने जुन्या फितींसाठी खोली काढली होती आणि तिथल्या बाई संग्रह बघायला येणार होत्या. मालिका तिथे राहतील, आणि काय बघावं ते सांगायला आपल्याला एक खुर्ची मिळेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. खुर्चीचं कुणी कबूल केलं नव्हतं. बायकोला ते ठाऊक होतं.

आठवडाभर खपून त्याने यादी केली. प्रत्येक मालिकेपुढे एक ओळ. ‘ही आधी बघा, घाई नको.’ ‘यात यंत्रमाणूस खोटं बोलायला शिकतो, तिथे उठू नका.’ ‘ही मन खचलेलं असताना बघू नये.’

बाई आल्या. हातमोजे घालून त्यांनी पुढची फळी पाहिली.

“काका, हे सगळं आमच्याकडे आहे.”

“ते गिऱ्हाइकांचं, ताई. खरा माल आत आहे. धूळ म्हणून लागलेली नाही.”

त्याने पहिली पिशवी कापली. कोंदट वास आला. फितीच्या रिळावर पीठ सांडावं तशी पांढरी बुरशी. दुसरी कापली. तीच गत. बायकोने हातातला शर्ट खाली ठेवला, कात्री घेतली आणि त्याच्या शेजारी बसली. टपालाच्या यानाची रिळं तर विटेसारखी घट्ट चिकटली होती.

“दमट हवा आत कोंडून राहिली,” बाई हळूच म्हणाल्या. “अधूनमधून लावल्या असत्या तर टिकल्या असत्या. आता यंत्रात घातल्या तर तुटतील, आणि आमच्या चांगल्या फितींनाही लागण होईल.”

“पुसून?”

“एखाद-दुसरी असती तर पाहिलं असतं, काका.”

त्याने साठही कापल्या. साठही तशाच.

बाईंनी टेबलावरचा कागद उचलला. “यादी तरी द्या. कुणाकडे प्रत निघाली तर...”

“वीस वर्षं पत्रं पाठवून विचारलंय मी. कुणाकडे नाही.” त्याने कागद काढून घेतला. “जे उरलंच नाही ते बघा म्हणून सांगून लोकांना कशाला तहान लावायची?”

त्याने चपला घातल्या.

“अहो, जेवायला तरी...” बायको म्हणाली.

तो थांबला नाही. ती कात्री हातात घेऊन पायरीवर उभी राहिली, बाई तिच्या मागे. रस्त्यात त्याला ओळखीचे दोघे भेटले, एकाने तर हातही वर केला. तो तसाच चालत पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावरून वळला, आणि त्यानंतरही ती बराच वेळ त्या कोपऱ्याकडेच बघत होती.