ग्रहणात तलवार चालते का?

मला मुळात घाणीचं वावडं. सिंकमध्ये राहिलेला भात फुगून वर आलेला दिसला तरी माझ्या पोटात ढवळतं. तर अशा बाईनं कुजलेल्या किल्ल्यातून हाडं तुडवत, भुताखेतांना तलवारीनं कापत फिरण्याचा खेळ का खेळावा, हे मला कुणी विचारू नये. कॉलेजात असल्यापासून खेळते. कुणाचा जीव साडीच्या दुकानात रमतो, माझा यात. हातात मावेल एवढा कन्सोल आहे, पहिली बढती मिळाली तेव्हा स्वतःसाठी घेतलेला. सासरी बरेच दिवस ते ऑफिसचं मशीन आहे अशीच समजूत होती आणि मीही ती मोडायला गेले नाही.

गेल्या फाल्गुनात मी इथे लखनऊला, विकास नगरातल्या आमच्या भाड्याच्या वरच्या मजल्यावर पलंगाला खिळून होते. तिसरा महिना चालू होता. त्याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. या वेळीही थोडं अंगावरून गेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, बाथरूमला जाण्यापुरतं उठायचं, बाकी आडवं राहायचं. हे टिकू दे, एवढं एकच मागणं होतं माझं. त्यापुढे नोकरी, घर, कशाचं काहीही होवो.

आणि वास! देवा रे, ते वास. खालच्या घरमालकीणबाईंची सरसोंच्या तेलाची फोडणी जिन्यानं वर यायची. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर कबाब परतायला लागले की मी उशीत तोंड खुपसायची. नवरा जवळ आला की त्याच्या डोक्याच्या तेलाचा वास, पाणी प्यायला जावं तर पाण्याला वास. सगळ्या जगाची शिसारी आली होती मला. एक तो खेळच काय तो बिनवासाचा. पडद्यावर गटारं वाहायची, प्रेतं सडायची, पण नाकाला त्याचा पत्ता नाही. म्हणून मी दिवसभर त्या किल्ल्यात पडलेली असायची.

माझी काळजी घ्यायला सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. बाई कडक, कामाला वाघ, आणि तोंडानं फटकळ. एकदा त्या मऊ भाताची वाटी घेऊन आल्या आणि वाकून पडद्यात बघितलं. मी तेव्हा किल्ल्याच्या विहिरीत अडकले होते. तिथे तळाशी एक राक्षसीण बसलेली असते, पखालीसारखं फुगलेलं पोट, अंगभर फोड. ती फोड फोडते आणि त्यातून वळवळणाऱ्या अळ्या बाहेर पडतात. त्या कापत कापत तिच्यापर्यंत पोचायचं. मी रोज तिथे मरत होते. सासूबाईंनी वाटी दाणकन टेबलावर ठेवली. शी, पोटुशीनं हे बघायचं असतं का, म्हणाल्या, या दिवसांत डोळ्यांपुढे चांगलं हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या भिंतीवर रांगत्या बाळकृष्णाचं चित्र लावलं. त्याच्या तोंडाला, हाताला, पोटाला लोणी फासलेलं. ते लोणी बघून मला जी ओकारी आली ती राक्षसिणीला बघूनही कधी आली नव्हती. त्यांना काय सांगणार?

अशात ग्रहण आलं. फाल्गुनी पौर्णिमेचं, संध्याकाळचं. कॉलनीत होळी आज पेटवायची की काल पेटवायला हवी होती यावर दोन तट पडले होते आणि आमच्या घरात मला काय काय करता येणार नाही याची उजळणी चालली होती. चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, सुई-कात्री-विळीला हात लावायचा नाही. आडवं पडायचं नाही. डॉक्टरीण म्हणते झोपून राहा, सासूबाई म्हणतात बसून राहा. शेवटी पाठीशी उशा रचून अर्धवट बसण्यावर तह झाला. गोळ्यांच्या पाकिटावर तुळशीपत्र ठेवलं गेलं.

तेवढ्यात खालच्या घरमालकीणबाई वर आल्या. त्यांना मी चाची म्हणते. हातात कथलाची वाटी, तिच्यात गेरू आणि शेण अर्धवट कालवलेलं. त्यांच्याकडे ग्रहणात गरोदर बाईच्या पोटाला हे फासतात. वाटी खोलीत शिरली आणि मी बादलीवर वाकले. सासूबाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, हमारे में नहीं करते. चाचींना बरं वाटावं म्हणून वाटी मात्र ठेवून घेतली. त्या खाली गेल्यावर मला हळूच विचारतात, नुसता गेरू लावला तर काही बिघडेल का गं? मी कपाळावर हात मारला. शेवटी शेणाला न शिवलेल्या कडेचा गेरू बोटावर घेऊन त्यांनी माझ्या गाऊनवर पोटापाशी दोन आडव्या रेघा ओढल्या. आपलंही पाळायचं आणि लोकांचंही. परगावी राहणाऱ्यांना सगळं दुप्पट.

खरी पंचाईत पुढेच होती. मी कन्सोल उचलला तर सासूबाई म्हणाल्या, त्यात तू दिवसभर कापाकापी करतेस, ग्रहणात चालणार नाही. मी म्हटलं, आई, अहो ते खोटं आहे. त्या म्हणाल्या, खोटं असेल, पण कापतेस की नाही? नवरा रेल्वेत इंजिनीअर, ऑफिसला निघण्यासाठी बूट घालत होता. वाटलं, हसून उडवून लावेल. पण हा पठ्ठ्या गंभीर चेहऱ्यानं विचारतो, तुझ्याकडे हत्यारं कुठली कुठली आहेत? मी सांगितलं, तलवार आहे, चाबूक आहे, एक हातोडा आहे. "हातोडा घे मग," म्हणाला, "ठेचायला कुठे बंदी आहे?" सासूबाईंनी बराच विचार केला आणि ठेचणं चालेल म्हणून निकाल दिला. आम्ही तिघंही शिकलेली माणसं, हे इथे नमूद करते.

तर ग्रहण लागल्यावर मी हातोडा घेऊन विहिरीत उतरले. हातोडा म्हणजे नुसतं धूड. उचलायला वेळ, आपटायला वेळ, तेवढ्यात अळ्या पायाला चिकटलेल्या. तलवारीनं कापलेली अळी निदान नाहीशी तरी होते, ठेचलेली तिथेच पसरते. मळमळून येत होतं, तरी सोडवेना. सासूबाई शेजारी खुर्चीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आधी भिंतीकडे बघत होत्या, मग अधूनमधून पडद्याकडे, मग जप थांबला. ती फोड फोडण्याआधी मागे सरकते, तेव्हाच घाव घाल, असं मला सांगायला लागल्या. पुढे पुढे तर, हाण की मेलीला, इथवर गाडी आली. मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी खळखळून हसले असेन.

राक्षसीण आता घायकुतीला आली होती. दोन-तीन घाव बसले असते तर मेलीच असती. तेवढ्यात मांडीला ओल लागली. खाली बघितलं तर गाऊनला तांबडं. मला वाटलं, गेरूच. पुसायला बोट लावलं, बोट ओलं झालं, कोमट लागलं. गेरू तर केव्हाच वाळला होता. माझ्या हातातला कन्सोल चादरीवर पडला.

नवऱ्याला फोन लावला, तो चारबाग स्टेशनच्या गर्दीत अडकलेला. तो तिकडून ओरडत होता, निघा, मी थेट दवाखान्यातच येतो. आणि मी, जिनं सकाळपासून गेरूची, तुळशीपत्राची, हातोड्याची टिंगल केली होती, ती मी, पलंगाची कड घट्ट धरून म्हणाले, "आई, ग्रहण सुटू दे ना. आत्ता बाहेर कसं जायचं?"

अजून आठवलं की मला माझीच किळस येते. पण तेव्हा मला खरंच वाटलं होतं, बाहेर पाऊल टाकलं तर हेही जाईल, आणि मग आयुष्यभर म्हणत बसेन, ग्रहणात बाहेर पडलीस म्हणून.

सासूबाईंनी जपमाळ उशीखाली सारली. म्हणाल्या, "ग्रहण गेलं खड्ड्यात. ऊठ."

त्यांनी मला धरून जिना उतरवला. चाची खालून, बहू, अभी मत निकलो, म्हणत राहिल्या, त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. नाक्यावर ई-रिक्षा मिळाली. सासूबाईंनी वाटभर माझा हात असा दाबून धरला होता की बांगड्यांचे वळ उठले.

दवाखान्यात फिनेलचा वास, त्यात कुणीतरी उलटी केलेली आणि वर भुसा टाकलेला. मला त्या टेबलावर झोपवलं, पोटावर तो गार, बुळबुळीत लेप फासला. मी डोळे मिटून घेतले. मागच्या दोन्ही वेळी मी पडद्याकडे बघत राहिले होते आणि डॉक्टर गप्प झाल्या होत्या, ते गप्प होणं मला पाठ होतं. या वेळीही डॉक्टरीणबाई गप्पच. यंत्र पोटावर इकडून तिकडे फिरत होतं. मग खोलीत एक आवाज सुरू झाला, भराभर, घाईघाईनं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धडकन ठीक है, घबराओ मत, आराम करना है बस. मी डोळे उघडले. सासूबाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या होत्या की मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, एक बार और सुनाओगे?

नवरा पोचला तोवर इंजेक्शन देऊन झालं होतं. तो औषधं घ्यायला थांबला, आम्ही दोघी पुढे निघालो. बाहेर अंधार पडला होता, ग्रहण कधी सुटलं ते आम्हाला कळलंही नाही. ई-रिक्षात बसल्यावर सासूबाई समोर बघतच बोलायला लागल्या. त्यांच्या पहिल्या वेळीही असंच ग्रहण होतं, असंच अंगावरून जायला लागलं होतं. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, सुटेपर्यंत जागची हलू नकोस.

"मी हलले नाही गं. भिंतीला टेकून बसून राहिले. सगळं पाळलं मी. तुझ्या नवऱ्यालाही माहीत नाही, त्याच्याआधी एक होता."

मला रागच आला. इतकं भोगलेली बाई, आणि मला सकाळपासून सुई नको, कात्री नको, आडवी पडू नकोस करत होती. मी विचारलं, "मग मला कशाला पाळायला लावलंत?"

त्यांनी माझ्या बांगड्या वर सारून हातावरचे वळ चोळले. मग म्हणाल्या, "दुसरं काय होतं माझ्या हातात?"

आणि पुढे वाकून ई-रिक्षावाल्याला म्हणाल्या, भैया, धीरे. तो बिचारा आधीपासून धीरेच चालवत होता.